घराण्याचा इतिहास शोधायचाय, पण सुरुवात कुठून करू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली आठ-नऊ वर्षं मी सासर-माहेर दोन्हीकडची वंशावळ जमवतेय, आणि हे नातेवाईकांत पसरल्यापासून कुठल्याही लग्नात गेले की जेवणाच्या रांगेत कुणीतरी गाठतंच आणि तेच प्रश्न विचारतं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी इतिहासाची प्राध्यापक वगैरे नाही, तलाठी ऑफिसात आणि रेकॉर्ड रूममध्ये धूळ खाऊन जे कळलं तेवढंच सांगते.

मला पणजोबांचं नावसुद्धा माहीत नाही. सुरुवात कुठून करू?

घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापासून, आणि या रविवारीच. बहुतेक लोक उलटं करतात, थेट पुण्याच्या पेशवे दफ्तरात आपला पूर्वज सापडतो का बघायला जातात आणि हात हलवत परत येतात. कागद आणखी पाच वर्षं रुमालात (म्हणजे कापडी बासनात) पडून राहतील पण आत्याबाई राहतील का ते सांगता येत नाही. स्वतःपासून मागे जायचं, एकेक पिढी पक्की करत, मधली पायरी गाळायची नाही. आणि फक्त सरळ वर जाऊ नका, आजोबांचे भाऊ-बहिणी, चुलते, आत्या, सगळे आडवे धरा. तुमच्या आजोबांबद्दल तुमच्या घरात जे कुणाला माहीत नाही ते चुलत आजोबांच्या घरात अगदी सगळ्यांना माहीत असतं, आणि फोटो तर नेहमी त्यांच्याकडेच असतात.

आजीला काही विचारलं की म्हणते "मला मेलीला काय आठवतंय", मग?

साल विचारू नका. साल कुणालाच आठवत नाही. मोठी घटना धरायची आणि तिच्या आगे-मागे विचारायचं. कोयनेचा भूकंप झाला (११ डिसेंबर १९६७) तेव्हा तुझं लग्न झालं होतं का, कडेवर कोण होतं? पुण्याकडचे असाल तर पानशेतचा पूर, १२ जुलै १९६१. मराठवाड्यात रझाकार आणि १९४८ ची पोलीस ॲक्शन. ७२ चा दुष्काळ तर जवळजवळ सगळीकडे चालतो, खडी फोडायला कोण कोण गेलं होतं विचारा, सगळ्या भावकीची यादी मिळते. त्याच्या आधीच्या पिढीसाठी प्लेग आणि १९१८ चा इन्फ्लुएन्झा, कारण "मानमोडीत दोन पोरं गेली" असं वाक्य ऐकलेलं म्हातारं माणूस अजून सापडतं.

दुसरी गोष्ट म्हणजे ओव्या. आजीला जात्यावरच्या ओव्या म्हणायला सांगा, त्यात माहेरचं गाव येतं, भावाचं नाव येतं, कधी नदी आणि देऊळ येतं. माझ्या चुलत आजीला तिच्या मामाचं नाव सांगता येत नव्हतं, ओवी म्हणताना आपोआप आलं आणि ती स्वतःच थांबली! फोनवर रेकॉर्डिंग लावून फोन टेबलावर उपडा ठेवायचा, आधी विचारून अर्थात. तासापेक्षा जास्त बसू नका, पुन्हा जा, दुसऱ्या खेपेला पहिल्यापेक्षा जास्त निघतं.

घरात काय काय शोधायचं?

लग्नपत्रिका, जन्मपत्रिका, जुनं रेशनकार्ड, पेन्शनचे कागद, मनीऑर्डरच्या पावत्या, फोटोंची मागची बाजू. आणि माळ्यावरची पितळी भांडी! तांब्या, परात, हंडा, यांच्यावर नाव कोरलेलं असतं, कुणाच्या लग्नात कुणी दिलं आणि बऱ्याचदा तारीखसुद्धा. मोडीत निघायच्या आत फोटो काढून घ्या. देवघरात पूर्वजांचे टाक असतील तर ते कोणाचे हे आत्ताच विचारून लिहून ठेवा, एक पिढी गेली की ते नुसते चांदीचे पत्रे राहतात.

सातबाऱ्यावरून वंशावळ कशी काढतात?

सातबाऱ्यापेक्षा फेरफार महत्त्वाचा, हे आधी डोक्यात ठेवा. सातबारा म्हणजे आजची परिस्थिती. फेरफार, म्हणजे गाव नमुना ६, ही त्या जमिनीची डायरी असते, कोण मेलं, मागे कोण कोण वारस राहिले, कुणी विकली, कुणाचं वाटप झालं, सगळं त्यात येतं. सातबाऱ्यावर नावाशेजारी गोलात आकडा असतो ना, तो फेरफाराचा नंबर. तो नंबर घ्यायचा, तो फेरफार काढायचा, त्यात आधीच्या फेरफाराचा नंबर किंवा आधीच्या मालकाचं नाव मिळतं, मग तो काढायचा. असं करत करत पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात साधारण विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांपर्यंत मागे जाता येतं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, गावोगावी ती लागू व्हायला पुढे बरीच वर्षं गेली. वारसाचा फेरफार तर सोन्याचा तुकडा, "अमुक तमुक हा सुमारे तीन महिन्यांपूर्वी मयत झाला, त्यास वारस मुलगे १)… २)… विधवा…" असं सरळ लिहिलेलं असतं.

काही अक्षरं समजून घ्या, नाहीतर मी अडकले तसे अडकाल. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालन कर्ता, म्हणजे ज्याच्या नावापुढे हे आहे तो तेव्हा लहान होता आणि पुढचं नाव पालकाचं, बहुतेक आईचं. "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, थोरल्या भावाचं नाव लागलेलं असतं आणि बाकीचे भाऊ दिसतच नाहीत, त्यामुळे एकच नाव आहे म्हणून एकुलता एक समजू नका. कंसात टाकलेलं नाव म्हणजे कमी झालेलं नाव.

मिळतं कुठे? आजचा सातबारा महाभूलेखवर, जुने स्कॅन केलेले फेरफार आणि सातबारे आपले अभिलेख पोर्टलवर थोडीशी फी भरून. तिथे नसेल तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज. त्याच्याही मागचं हवं असेल तर भूमी अभिलेखच्या तालुका ऑफिसात कडई पत्रक, फाळणी, आकारबंद हे शब्द वापरून विचारा, "जुने कागद द्या" म्हणालात तर कुणी उठणार नाही. मराठवाड्यात खासरा पत्रक आणि विदर्भात अधिकार अभिलेख हे शब्द चालतात, आणि मराठवाड्यातले निजामाच्या काळातले कागद उर्दूत आहेत, तेव्हा तिकडे मोडी लिपी वाचणारा नाही तर उर्दू वाचणारा माणूस लागतो.

जमीन नव्हतीच, शहरात वाडा किंवा चाळ होती तर सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक, तेही असंच मागे मागे वाचायचं.

जन्म-मृत्यूच्या नोंदी किती जुन्या मिळतात?

आजची नोंदणी १९६९ च्या कायद्याची आहे, पण त्याच्या आधीही गावात नोंद व्हायची. गाव नमुना नंबर १४, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात, ही रजिस्टरं तहसीलमध्ये असतात, काही गावांची पार एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासूनची. पानं फाटलेली, वाळवी लागलेली, पण असतात. यात बाळाचं नाव शोधू नका, नोंद बारशाच्या आधीची असते. "रामा बिन सखाराम यास मुलगा झाला" इतकंच, म्हणजे शोधायचं ते बापाच्या नावाने. "बिन" किंवा "वलद" म्हणजे अमक्याचा मुलगा. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली तेव्हा हीच रजिस्टरं कपाटातून बाहेर निघाली, बऱ्याच जिल्ह्यांनी स्कॅन करून वेबसाइटवर टाकली. तुमचा जातीच्या दाखल्याशी काही संबंध असो नसो, आपल्या जिल्ह्याची साइट एकदा बघा, गावाप्रमाणे पीडीएफ मिळायची शक्यता आहे.

आणि शाळेचा दाखला?

जनरल रजिस्टरचा उतारा, म्हणजे प्रवेश-निर्गम. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा शंभर-सव्वाशे वर्षांच्या आहेत आणि हेडमास्तर चांगले असले तर स्वतः कपाट उघडून देतात. मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मगाव, आधीची शाळा, का सोडली, एवढं मिळतं. फक्त जन्मतारखेवर विश्वास ठेवू नका. महाराष्ट्रात एका आख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला आहे, कारण जूनमध्ये शाळा भरायची, गुरुजी पोरगं बघून अंदाजे वय ठरवायचे आणि १ जून टाकून मोकळे व्हायचे. आमच्या घरात चौघे सख्खे भाऊ १ जूनचे आहेत. साल एक-दोन वर्षं इकडे तिकडे धरून चाला.

त्र्यंबकेश्वर, काशी, गयेच्या पंड्यांकडे खरंच वंशावळ असते?

असते. नाशिक, त्र्यंबक, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार, या ठिकाणच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात, आणि त्यात बऱ्याचदा लिहिणारा उपाध्याय नसतो तर आलेला माणूस स्वतः असतो, म्हणजे तुमच्या खापरपणजोबांचं हस्ताक्षर बघायला मिळू शकतं. माझ्या अंगावर काटा आला होता खरं सांगते. कुणासोबत आले, कुणाच्या अस्थी आणल्या, भाऊ कोण, मुलं कोण, मूळ गाव कोणतं.

जाण्याआधी चार गोष्टी पाठ करा: आडनाव, जुनं आडनाव वेगळं असेल तर तेही, मूळ गाव तालुक्यासकट, आणि जात-गोत्र. वह्या गाव आणि आडनावाप्रमाणे लावलेल्या असतात, सध्या पुण्यात राहतो हे सांगून काही उपयोग नाही. स्टेशनवर जो पहिला "मीच तुमचा उपाध्याय" म्हणतो त्याच्यामागे जाऊ नका, आधी तुमच्या गावचे कोण ते दोन-तीन जणांना विचारा, वही दाखवा म्हणा, पूर्वजाचं नाव तुम्ही सांगायच्या आधी त्यांच्या वहीत निघतंय का बघा, मग दक्षिणा. दक्षिणा मात्र द्या, त्या वह्या त्यांनी पिढ्यानपिढ्या सांभाळल्यात. फोटो काढू देतात की नाही हे माणसावर आहे. आणि आपली नोंद करताना घाई करू नका, बायकांची नावं, त्यांची माहेरं, मुलींची नावं सगळं लिहून या. हरिद्वारच्या बऱ्याच वह्या अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ सोसायटीने मायक्रोफिल्म केल्यात, फॅमिलीसर्चच्या फुकट साइटवर बघता येतात पण शोधयंत्रात नाव टाकून मिळत नाही, पान पान उलटत बसावं लागतं.

आमच्या गावात हेळवी यायचे म्हणतात, ते काय?

कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागात हेळवी समाजाची माणसं बैल घेऊन सुगीत घरोघर यायची, वही काढून तुमच्या घराण्याची नावं घडाघडा म्हणून दाखवायची, मूळ पुरुष कुठून आला इथपासून, आणि धान्य, कपडे, पैसे घेऊन नवीन पिढीची नावं लिहून जायची. अजूनही येतात काही ठिकाणी. ज्या घरात एक चिटोरा कागद नाही त्यांची वंशावळ यांच्या वहीत असते, आणि आपण त्यांना दारातून परत पाठवतो. आले तर बसवा, चहा द्या, पूर्ण वाचन रेकॉर्ड करा. मूळ पुरुषाच्या कथेत मीठमसाला असतो, पण अलीकडच्या चार-पाच पिढ्या मी फेरफाराशी ताडून बघितल्या तेव्हा एक नाव सोडून सगळी जुळली.

मोडी शिकावीच लागते का? किती दिवस लागतात?

विसाव्या शतकाच्या आधीचं काही वाचायचं असेल तर हो. सरकारी दप्तरात, खतपत्रात, घरगुती हिशोबात मोडीच चालायची आणि शाळेतसुद्धा शिकवायचे, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत. अक्षरं ओळखायला पंधरा दिवस, छापील मोडी वाचायला महिना-दोन महिने, आणि खऱ्या माणसाच्या हातचं पत्र वाचायला… माझं अजून चालू आहे.

अवघड काय ते सांगते. आधी ओळभर शिरोरेषा मारून तिच्याखाली हात न उचलता लिहीत जायचे, दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा फरक नाही. त्यामुळे एकेक अक्षर लावत बसलात तर डोकं फिरतं. त्यापेक्षा ठरलेले साचे पाठ करा. पत्राची सुरुवात, मायना, "मौजे", "कसबे", "परगणे", "बिन", "सन", शेवटचं "हे विनंती", हे शब्द चित्रासारखे ओळखता आले की मधलं आपोआप सुटायला लागतं. आणि वाचण्याबरोबर लिहा. रोज अर्धं पान, किराण्याची यादीसुद्धा चालेल, मी दुधाचा हिशोब वर्षभर मोडीत लिहिला, नवऱ्याला वाटायचं मी काहीतरी लपवतेय.

शिकायला पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० मध्ये वि. का. राजवाड्यांनी काढलेलं, पुराभिलेख विभाग अधूनमधून वर्ग घेतो, काही विद्यापीठांत प्रमाणपत्र कोर्स आहेत, यूट्यूबवर तर ढीगभर. मोडी २०१४ पासून युनिकोडमध्ये आहे पण फॉन्टमधलं सुबक मोडी वाचता आलं म्हणजे मोडी आलं असं नाही, सराव खऱ्या कागदांच्या फोटोंवर करा. पैसे देऊन वाचून घेणार असाल तर तोच कागद दोघांना वेगवेगळा द्या. माझ्या एका कागदात पहिल्याने "सुभेदार" वाचलं आणि दुसऱ्याने "सुतार". सुतार बरोबर निघालं.

कागदावर "सन इसन्ने सितैन मया व अलफ" लिहिलंय, हे काय?

हा शुहूर सन, आकडे अरबी शब्दांत आणि एककापासून वर वाचायचे. इसन्ने २, सितैन ६०, मया १००, अलफ १०००, म्हणजे ११६२. यात ५९९ किंवा ६०० मिळवा, इसवी सन १७६१-६२. वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतं, म्हणून जून ते डिसेंबर ५९९ आणि जानेवारी ते मे ६००. फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवायचे. शालिवाहन शकात ७८, वर्षाच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत ७९. आणि "छ ५ रमजान" असं दिसलं तर छ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तारीख. भिंतीवर तक्ता लावून टाका, दर वेळी डोक्यात बेरीज करू नका, मी एकदा एका माणसाला त्याच्या बापाच्या आधी जन्माला घातलं होतं.

पुराभिलेखागारात जाऊन आमच्या घराण्याचं नाव शोधता येईल का?

नाव टाकलं की पान उघडलं असं तिथे होत नाही. पुण्याचं पेशवे दफ्तर, मुंबई, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, प्रत्येक ठिकाणी कागद विषयाप्रमाणे आणि प्रांताप्रमाणे रुमालात बांधलेले असतात. म्हणून आधी घरचं काम करून गाव, परगणा, अंदाजे काळ, आणि घराण्याचा सरकारशी काय संबंध होता ते हातात असायला हवं. कुलकर्ण, पाटीलकी, देशमुखी, जोशीपण, देवस्थान इनाम, असं काही असेल तर चांगली आशा आहे. इंग्रजांनी १८५२ पासून इनाम कमिशन बसवलं आणि प्रत्येक इनामदाराला "तुझा हक्क सिद्ध कर, कागद आण, वंशावळ दे" म्हणून बसवलं, लोकांनी तेव्हा शिव्या दिल्या असतील पण आपल्याला त्या चौकशीच्या फायलींत पाच-पाच पिढ्या लिहिलेल्या मिळतात. वतनावरची भाऊबंदकीची भांडणं तर त्याहून भारी, वादी-प्रतिवादी दोघेही आपापली वंशावळ देतात, दोन्ही वेगळ्या असतात, आणि कुणीतरी खोटं बोलत असतं.

पूर्वज संस्थानिकांच्या नोकरीत बाहेर गेले असतील, म्हणजे बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, देवास, धार, तर कागद तिकडे. तंजावरच्या मराठ्यांचे मोडी कागद तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालयात.

आडनाव आणि कुलदैवत एकच, म्हणजे घराणं एकच ना?

नाही हो. पाटील, देशमुख, कुलकर्णी, जोशी ही कामाची नावं, गावोगावी वेगळी माणसं. "कर" लागलेलं आडनाव म्हणजे कुणीतरी कधीतरी ते गाव सोडून दुसरीकडे गेलं एवढंच, एकाच गावातून पाच जातींची पाच घराणी निघून पाचही तेच "कर" लावू शकतात. शिवाय बऱ्याच घरांत आडनाव शाळेत किंवा मिलमध्ये नाव लागताना पक्कं झालं. कुलदैवत मात्र दिशा दाखवतं. घाटावर चार पिढ्या राहणाऱ्या घराचं दैवत गोव्यात मंगेशी किंवा शांतादुर्गा असेल, किंवा कोकणातली एखादी गावदेवी असेल, तर वाट तिकडून आलीय. पण तुळजाभवानी, खंडोबा, जोतिबा यांच्यावरून काही ठरवू नका, अर्धा महाराष्ट्र त्यांचा आहे.

आमचा कुलवृत्तांत छापलेला आहे. मग शोधायला काय उरलं?

बरंच. कुलवृत्तांत म्हणजे ज्यांनी फॉर्म भरून पाठवले त्यांची माहिती. न पाठवलेल्या शाखा गायब, भांडण झालेले भाऊ गायब, आणि जुन्या कुलवृत्तांतांत मुली बहुतेक "कन्या २" एवढ्याच. उपयोगी पुस्तक आहे, पुरावा म्हणून धरू नका. पहिल्या पानावर मूळ पुरुष थेट एखाद्या राजाच्या पदरी असला तर जास्तच सांभाळून.

बायकांची नावं कुठे मिळणार? माहेर तर कुणीच लिहीत नाही.

हा माझा आवडता प्रश्न, कारण सगळे लोक इथेच सोडून देतात. लग्नात नाव बदललं, नंतर सगळीकडे "अमक्याची विधवा" एवढंच उरलं. पण वाटा आहेत. जुन्या कागदात "कोम", "मर्द" किंवा "भ्रतार" हे शब्द शोधा, नवरा-बायकोचं नातं त्यातून कळतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या वारस फेरफारात मुलींची नावं यायला लागतात, बऱ्याचदा सासरच्या नावासकट, आणि नंतरची हक्कसोडपत्रं तर बहिणींच्या सह्या-अंगठ्यांनी भरलेली.

माझ्या पणजीचं नाव घरात लक्ष्मीबाई. माहेर कोणतं, कुणालाच ठाऊक नव्हतं, "घाटाखालची होती" एवढंच. मग एका ओवीतून गावाचं नाव मिळालं, त्या गावचे फेरफार काढत बसले, आणि १९५८ च्या एकात तिचा भाऊ निपुत्रिक वारला तेव्हा वारस म्हणून बहीण "चिमाबाई", पुढे माझ्या पणजोबांचं पूर्ण नाव. लग्नानंतर साठ वर्षं तिला कुणी चिमा म्हणलं नसेल, तलाठ्याने म्हणलं.

आमच्याकडे वतन नाही, इनाम नाही, आम्ही गावकुसाबाहेरचे. आमचा इतिहास कुठे लिहिलेला असणार?

पेशवे दफ्तरात कमी, पण महसुली कागदांत वाटतो त्याहून जास्त. महार वतनाच्या, हाडकी-हाडवळ्याच्या (म्हणजे गावकामाच्या मोबदल्यात दिलेल्या) जमिनींच्या नोंदींत वतनदारांची नावं वाटण्यांसकट येतात, आणि १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतनं खालसा झाली तेव्हा जमिनी पुन्हा दिल्याचे फेरफार झाले, ते काढा. कोतवाल बुकात आणि शाळेच्या रजिस्टरात सगळ्यांच्या नोंदी आहेत. १९५६ च्या धर्मांतरानंतर भावंडांच्या दाखल्यांवर जातीचा रकाना वेगवेगळा दिसतो, ती चूक समजू नका, त्या वर्षांचा माग आहे तो. पलटणीत कुणी होतं का, रेल्वेत, गोदीत, मुंबईच्या गिरणीत? नोकरीच्या कागदात मूळ गाव असतंच. नगरकडच्या ख्रिस्ती कुटुंबांना मिशनच्या चर्चची रजिस्टरं. भटक्या जमातींचं काम सगळ्यात कठीण, तिथे म्हाताऱ्यांची तोंडी माहिती आणि जातपंचायतीत, जत्रेत भेटणारे नातेवाईक हाच मुख्य आधार, म्हणून तिथे रेकॉर्डिंगची घाई सगळ्यात जास्त.

गोव्याचं काय? आणि परदेशातल्यांचं?

गोव्यात कागदांची चैन आहे. पणजीचं पुराभिलेखागार १५९५ पासूनचं, चर्चची बाप्तिस्म्याची रजिस्टरं आणि पोर्तुगीज काळापासून जन्म, लग्न, मृत्यूची नागरी नोंदणी. अडचण एकच, पोर्तुगीज. पण नोंदीचा साचा ठरलेला असतो, पन्नासेक शब्द पाठ केले की काम भागतं.

मॉरिशसला रत्नागिरीकडून, कोकणातून मजूर म्हणून गेलेल्यांचे वंशज मूळ गाव शोधत येतात. त्यांच्यासाठी मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधलं इमिग्रेशन आर्काइव्ह, तिथे मजुराचा नंबर, बापाचं नाव, गाव, जहाज आणि काहींचे फोटोसुद्धा आहेत. गावाचं स्पेलिंग इंग्रज कारकुनाने कानाने लिहिलेलं, त्यामुळे ते मोठ्याने वाचा, मालवणी कानाला लगेच कळतं. इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, कुटुंबांची आडनावं तर अलिबाग-पेणकडच्या गावांची यादीच आहे.

जुन्या जनगणनेत नावं मिळतील का, इंग्लंड-अमेरिकेसारखी?

नाही. आपल्याकडे माणसागणिक फॉर्म लोकांना बघायला मिळत नाहीत. छापलेले आकडे आणि गावाची माहिती मिळते फक्त. गावासाठी जुनं गॅझेटियर वाचा, राज्य गॅझेटियर विभागाच्या साइटवर फुकट आहे.

डीएनए टेस्ट करू का?

हौस असेल तर करा. या कंपन्यांच्या यादीत आपल्याकडचे लोक फार कमी, त्यामुळे जुळणारे नातेवाईक कमीच निघतात. आणि शतकानुशतकं जातीतच लग्नं झाल्यामुळे चौथ्या पायरीचा भाऊ म्हणून दाखवलेला माणूस प्रत्यक्षात बराच लांबचा असू शकतो. तेवढ्या पैशात वीस-पंचवीस नकला येतात.

सगळं साठवायचं कशात?

आधी वहीत. मग ग्रॅम्प्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, मराठी नावं नीट घेतं, माहिती स्वतःच्या कॉम्प्युटरवर राहते. ऑनलाइन झाड बनवणाऱ्या साइट सोप्या आहेत पण जिवंत माणसांच्या जन्मतारखा तिथे टाकू नका. कशातही ठेवा, प्रत्येक नावापुढे ते कुठून कळलं हे लिहा: "आत्या, फोनवर, दिवाळी" किंवा "फेरफार नंबर अमुक". मी पहिली दोन वर्षं हे केलं नाही आणि सगळं पुन्हा शोधावं लागलं. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत आहे आपल्याकडे, त्यामुळे एका घरात चार "गोविंद रामचंद्र" असतात. प्रत्येकाला नंबर द्या.

जुने कागद जपायचे कसे?

लॅमिनेशन नको! सेलोटेप नको! दोन्हींनी कागद मरतो. घडी पडलेला कागद जोर लावून उलगडू नका. सावलीत, सपाट ठेवून चांगल्या उजेडात फोटो किंवा ६०० डीपीआयवर स्कॅन, मागच्या कोऱ्या बाजूचासुद्धा, मग सुती कापडात गुंडाळून कोरड्या कपाटात. स्कॅन किमान तीन नातेवाईकांना पाठवा, वेगवेगळ्या गावच्या. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत कितीतरी घरांची दप्तरं गेली, आणि वाळवीने त्याहून जास्त खाल्ली असतील.

शोधताना नको ते निघालं तर?

निघतंच. दत्तक निघतात, दुसरी बायको निघते, पाटाची म्हणून वेगळी ठेवलेली शाखा निघते, कर्जापायी गाव सोडलेला पणजोबा निघतो. आमच्याकडे पेशव्यांबरोबर घाटावर आलो अशी कथा होती, फेरफार सांगतो की पणजोबांनी मुंबईच्या गिरणीत नोकरी करून १९२७ मध्ये पहिली जमीन घेतली. काकांना आवडलं नाही, मला पेशव्यांपेक्षा गिरणी आवडली. ज्यांना झोंबेल ते जिवंत असतील तर आपल्या वहीत लिहायचं, ग्रुपवर टाकायचं नाही. दत्तकात मात्र दोन्ही घरं नोंदवा, जन्माचं आणि दत्तकाचं, नाहीतर पुढचा माणूस कायमचा चुकीच्या वाटेला लागतो.

गावी गेले की भावकी संशयाने बघते, काही सांगत नाही. काय करू?

त्यांना वाटतं हिस्सा मागायला आली. वाटणारच, सत्तर वर्षांत फिरकला नाहीत आणि एकदम येऊन जुना फेरफार विचारताय. पहिल्या भेटीत जमिनीचा शब्द काढू नका, देवाला जा, जत्रेला जा. माझी युक्ती अशी की झाडाची मोठी प्रिंट काढून न्यायची, त्यात त्यांच्या आजोबांचं नाव ठळक आणि खाली रिकामे चौकोन. ती ओसरीवर पसरायची आणि गप्प बसायचं. पाच मिनिटांत कुणीतरी म्हणतं "हे चुकलंय, हा थोरला नव्हता, मधला होता", मग आतून म्हातारी बाहेर येते, पेन मागितलं जातं, चौकोन कमी पडतात आणि कागदाच्या मागच्या बाजूला लिहायला सुरुवात होते. म्हणून जाताना दोन पेनं न्या, आणि ती प्रिंट परत आणू नका, फोटो काढून घ्या आणि त्यांच्याकडेच ठेवा.